तीन थरांऐवजी एक

ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याच्या त्या कारखान्यात कुणी नवीन कामाला लागलं की पहिल्याच दिवशी त्याला दोन गोष्टी सांगितल्या जात. एक, चहा साडेदहाला. दोन, वेढेताईच्या नादी लागायचं नाही. कारखाना म्हणजे तरी काय, गल्लीच्या टोकाला पत्र्याचं छप्पर, त्याखाली तार गुंडाळायची सहा यंत्रं, वार्निशचं एक पिंप, सुकवायची भट्टी आणि दाराशी तपासणीचं टेबल. त्या टेबलामागे वेढेताई बसायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोटांना वार्निशचा पिवळट रंग, आणि समोरच्या माणसाने चूक केलेलीच आहे, फक्त ती सापडायची बाकी आहे, असा चेहरा.

हे नाव तिला कसं पडलं ते कारखान्यात अजून सांगतात. एकदा यंत्रावरचा वेढे मोजणारा आकडा मधेच बंद पडला, तर बाईने उरलेले अकराशे वेढे तोंडाने मोजले. मधे मालकांनी दोनदा काहीतरी विचारलं, तर डावा हात वर करून त्यांनाही गप्प बसवलं. तेव्हापासून मालकही तिला जरा वचकूनच असत. पण यंत्रावरच्या नव्या मुलींना वचक होता तो वेढ्यांचा नव्हे, कागदाचा. ट्रान्सफॉर्मरमध्ये तारेचा एक गुंडाळा संपून दुसरा सुरू होणार असला की मधे जाड कागदाचे थर घालायचे असतात, म्हणजे एकीकडची वीज दुसरीकडे शिरू नये. थर घातले की वेढेताईला हाक मारायची, तिने कड उचलून ते मोजायचे, मगच पुढची तार. एकदा वार्निश बसलं आणि भट्टीतून माल निघाला की आत काय आहे ते देवालाही दिसत नाही, असं ती म्हणायची. एखादीने एक थर कमी घातला तर अख्खा गुंडाळा सोडायला लावायची, आणि वर जे ऐकवायची ते वेगळंच.

सगळ्यांना वाटायचं, बाईचा स्वभावच खवट. स्वभाव-बिभाव काही नव्हता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी या बाईने एका ट्रान्सफॉर्मरमध्ये तीन थरांऐवजी एकच थर घातला होता. तो ट्रान्सफॉर्मर तिच्या सख्ख्या धाकट्या भावासाठी होता. तो जळला, आणि का जळला हे भावाने विचारल्यावर ती त्याच्याशी खोटं बोलली. हे तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. ती दुसऱ्यांचे थर मोजत बसायची, पण स्वतःचा तो एक थर तिच्या हिशेबातून काही केल्या जात नव्हता.

धाकटा आता पन्नाशीला आला होता. कागदाच्या एका गोदामात तो कारकून होता. रिमं मोजायची, पावतीवर सही घ्यायची, गाडी सोडायची. बहिणीने लग्न केलं नव्हतं; कुणी विचारलं तर म्हणायची, वेळ झाला नाही. त्यामुळे भाऊ, भावजय आणि दर रविवारी अकराच्या सुमारास दारावर पडणारी त्याची थाप, एवढंच तिचं घरदार. रविवारी सकाळी ती उगाच दोनदा चहाचं आधण ठेवायची आणि दोनदा उतरवायची. तो उशिरा आला की त्याच्यावर तोंडसुख घ्यायची, आणि गेला की घर खायला उठायचं.

त्या रविवारी तो वेळेआधीच आला, आणि हातात पिशवी. पिशवीतून त्याने जुन्या रेडिओतला एक ट्रान्सफॉर्मर काढून टेबलावर ठेवला. शेजारी एक वही. वहीत त्याच्या कारकुनी अक्षरात आकडे लिहिलेले होते. तिने चष्मा खाली ओढला आणि पाहिलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या ट्रान्सफॉर्मरचे ते आकडे तिला तोंडपाठ होते.

झालं होतं असं, की तरुणपणी तो गिटार वाजवायचा तेव्हा त्याच्याबरोबर असलेले तिघे पुन्हा जमले होते. गाणाऱ्याचे दात गेले होते, ड्रमवाल्याचे गुडघे, आणि तिसरा तर नातवाला सांभाळायच्या वेळा बघूनच येऊ शकत होता. पण त्यांनी एका शाळेच्या सभागृहात एक कार्यक्रम करायचं ठरवलं होतं आणि याला गिटार घेऊन ये म्हणून बोलावलं होतं. याला पुन्हा तेव्हासारखाच गिटारचा आवाज वाढवणारा, तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा म्हणजे व्हॉल्व्हचा अॅम्प हवा होता. दुकानातला नको, घरी बांधलेला. व्हॉल्व्ह ताणून वाजवला की जो खरखरीत गोड आवाज निघतो तो दुसऱ्या कशात नाही, हे त्याने तिला पाचव्यांदा तरी सांगितलं. इतक्या वर्षांत तिने त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग त्याने सहज, साखर किती घालू असं विचारावं तसं सांगितलं, की जोडणी मात्र तो स्वतः करणार नाही. ड्रमवाल्याचा मेहुणा टीव्ही दुरुस्त करतो, तो करून देईल. "ट्रान्सफॉर्मर तू निवड. तुझ्या हातावर माझा भरवसा आहे. माझे हात सोल्डरिंगच्या कामाचे नाहीत, ते तेव्हाच कळलं."

ती चहा गाळायला उठली आणि गाळणं हातात घेऊन ओट्याशी तशीच उभी राहिली.

तेव्हाचं सगळं सांगायला हवं. तेव्हा ती सत्तावीसची होती आणि यंत्रावर बसणारी कारखान्यातली पहिली बाई. त्याआधी बायकांनी मालाचे डबे भरायचे, चिठ्ठ्या चिकटवायच्या. यंत्रावरचे पुरुष तिच्या चुकीची वाटच बघत होते. धाकटा बावीसचा, दिवसा रेडिओच्या दुकानात उमेदवारी करायचा, संध्याकाळी गिटार. हात असा, की दुकानाचे मालक अवघड सांधे त्याच्याकडेच द्यायचे. तो जोडलेल्या तारांकडे बघत बसावंसं वाटायचं, सगळ्या कशा एका रेषेत. त्याने स्वतःचा अॅम्प बांधायला घेतला, आणि ट्रान्सफॉर्मर ताईने गुंडाळून द्यायचा असं ठरलं. जुन्या फोरमननी परवानगी दिली, जेवणाच्या सुट्टीत यंत्र वापर म्हणाले, आणि कोणता गुंडाळा कितीचा, मधे थर किती, हे एका कागदावर लिहून दिलं.

ती पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत गुंडाळत होती. तीनशे-तीनशे व्होल्टचा मोठा गुंडाळा झाला, मग सहा व्होल्टचा झाला. उरला फक्त पाच व्होल्टचा. त्या दोन छोट्या गुंडाळ्यांच्या मधे फोरमननी तीन थर लिहिले होते. आणि शनिवारी दुपारी कागदाचा रोल संपला. एका थरापुरता तुकडा उरला होता. नवा रोल सोमवारी येणार होता. धाकट्याला ट्रान्सफॉर्मर त्याच संध्याकाळी हवा होता, कारण रविवारी जोडणी करायची होती आणि पुढच्या रविवारी कार्यक्रम. तिने विचार केला, इकडे पाच व्होल्ट, तिकडे सहा. त्यांच्यात भांडण ते काय होणार? एक थर पुष्कळ झाला. घातला, वरून तार गुंडाळली, वार्निशमध्ये बुडवला.

गुंडाळणारा माणूसच अशी चूक करू शकतो. दुसऱ्या कुणाला पाच काय नि सहा काय, सारखंच. तो निमूट कागदावर लिहिलंय तसं करेल. हिला आकडे कळत होते, म्हणून हिने अक्कल चालवली. जे कळत नव्हतं ते असं: त्या पाच व्होल्टवर जो रेक्टिफायर नावाचा व्हॉल्व्ह तापतो, त्याच्यातूनच अॅम्पची सगळी मोठी वीज बाहेर पडते, चारशे व्होल्टच्या घरातली. म्हणजे तो पाचाचा गुंडाळा स्वतः चारशेवर चढून बसलेला असतो आणि शेजारचा सहाचा जमिनीला टेकलेला. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर छोटी बाटली ठेवावी आणि बाटलीची उंची मोजून म्हणावं की पडली तरी काय होतंय, त्यातलाच प्रकार. फोरमननी तीन का ते लिहिलं नव्हतं, आणि तिने विचारलं नाही. पण तिला खरं खात आलं ते हे अज्ञान नव्हे. गिऱ्हाइकाचा माल असता तर ती सोमवारपर्यंत थांबली असती. घरचाच आहे, चालतंय, असं म्हणून तिने परक्यांना दिलं नसतं ते भावाला दिलं होतं.

घरी अॅम्प पंधरा-वीस मिनिटं छान वाजला. सभागृहात चौथ्या गाण्यापर्यंत वाजला. मग जळका वास आला, मग धूर, मग दिवे गेले. कुणीतरी आग म्हणून ओरडलं आणि लोक दारांकडे धावले. कुणाला इजा झाली नाही, पण यांना कायमचं काम देणार म्हणून जो माणूस ऐकायला आला होता तो त्या गर्दीतून निघून गेला तो पुन्हा दिसला नाही. बाकीचे तिघे दोन आठवडे धाकट्याशी बोलले नाहीत, आणि मग त्यांनी दुसरा गिटारवाला शोधला.

जळका अॅम्प ती कारखान्यात घेऊन गेली. मी बघते म्हणाली. आधी जोडणी तपासली. एकेक सांधा, एकेक तार. सगळं चोख होतं. मग तिने ट्रान्सफॉर्मर कापून उघडला. पाच आणि सहाच्या मधल्या त्या एकुलत्या कागदाला खसखशीएवढं काळं भोक पडलेलं होतं. त्याच आठवड्यात मालक ठरवणार होते, तिला यंत्रावर कायम करायचं की पुन्हा डब्यांवर पाठवायचं. तिने भट्टीच्या मागे जाऊन तो कागद जाळून टाकला.

संध्याकाळी धाकटा दारातच उभा होता. त्याने विचारलं, ट्रान्सफॉर्मर की जोडणी. ती म्हणाली, जोडणी. एवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ. पण त्याने विचारलं कुठे, आणि तिला काहीतरी सांगणं भाग पडलं. रेक्टिफायरच्या बुडाशी एक तार उघडी राहिली होती, ती टेकली, असं तिने ठोकून दिलं. तिला वाटलं तो म्हणेल, शक्यच नाही. पण तो म्हणाला, हो, ती तार मी घाईत केली होती.

त्यानंतर महिन्याभरात त्याने रेडिओचं दुकान सोडलं. लोकांच्या घरात जाणाऱ्या वस्तू आपण उघडायच्या आणि उद्या कुणी मेलं म्हणजे, असं त्याचं म्हणणं. गोदामात चिकटला. त्याच्या घरात साधा प्लग बदलायचा तरी माणूस बोलवावा लागे. भावजय हसतमुख बाई, चारचौघांत म्हणायची, "यांना स्विचला हात लावू देऊ नका हो, धूर निघेल." सगळे हसायचे. तो हसायचा. आणि वेढेताईही हसायची, अठ्ठावीस वर्षं, दर वेळी.

तर त्या रविवारी तिने चहा आणला आणि खाली बसली. सांगायची संधी चालून आली होती. तिने तो रेडिओचा ट्रान्सफॉर्मर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, हा चालणार नाही. रेडिओला सत्तरच मिलिअँपिअर लागतात, तुला सव्वाशे तरी हवेत. हा पहिलं गाणं काढेल आणि दुसऱ्याला तव्यासारखा तापेल. नुसता मीटर लावून पाहिलास तर व्होल्ट बरोबर दिसतील, हुरळून जाशील. वीज ओढायला लावून ओझं टाकल्यावर कळतं कोण किती पाण्यात आहे ते. हे सगळं ती फडाफडा बोलली. ज्यात आपलं काही अडकलेलं नाही ते बोलायला कुणालाही जमतं. मग म्हणाली, मी बघते, आठवडाभर दे. वेळ मारून नेली.

बुधवारी ती त्याच्या घरी गेली, सांगायचंच असं ठरवून. जिन्यात दोनदा थांबली. आत गेली तर दिवाणखान्यातला दिवा लुकलुकत होता आणि धाकटा खाली खुर्चीत बसून वर बघत होता. भावजय म्हणाली, परवा माणूस येणार आहे. मग नेहमीचं ते धुराचं वाक्य म्हणाली. धाकटा हसला. वेढेताई या वेळी हसली नाही. भावजयीने विचारलं, ताई, बरं नाही का वाटत? तर डोकं दुखतंय म्हणाली आणि पाण्याचा पेला तसाच ठेवून घरी आली. वाटेत स्वतःला नाही नाही ते बोलली. तिला भीती होती ती एकाच गोष्टीची. सांगितलं तर रविवारची थाप बंद होईल. त्या थापेशिवाय तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. आणि नाही सांगितलं तर हा माणूस लुकलुकत्या दिव्याखाली हात मांडीवर ठेवून बसून राहील, मरेपर्यंत.

गुरुवारी आणि शुक्रवारी ती कारखान्यात कुणालाही टाकून बोलली नाही. मुली घाबरल्या. एकीने तर दुसरीला विचारलं, बाई नोकरी सोडतायत का?

रविवारी धाकटा आला तो वहीत बरंच काही लिहून आला होता. कुठलं तरी जुनं तांत्रिक पुस्तक त्याने मिळवलं होतं. दुकानात एक तयार ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो गुंडाळलेला कसा आहे कोण जाणे. त्यापेक्षा तूच गुंडाळ, म्हणाला. मग वहीचं पान उलटून त्याने बोट ठेवलं. पुस्तकात लिहिलं होतं की रेक्टिफायरच्या पाच व्होल्टच्या गुंडाळ्याला भरपूर थर हवेत, कारण तो वरच्या व्होल्टवर असतो. "हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "आपण तेव्हा किती थर घातले होते, आठवतं का?"

त्याच्या आवाजात संशयाचा लवलेश नव्हता. त्याला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे या वेळी तेवढेच घालता येतील. तीन म्हटलं असतं तर संपलं होतं. तीन हा शब्द तिच्या जिभेवर आलाही.

"एक," ती म्हणाली.

तो वहीत लिहायला लागला होता. पेन थांबलं.

"फोरमननी तीन लिहिले होते. कागद संपला होता. मी एकच घातला. तिथूनच फुटला तो. मी उघडून पाहिला होता."

"कधी पाहिलास?"

"त्याच आठवड्यात. तुला सांगितलं त्याच दिवशी, दुपारी."

धाकट्याने पेन खाली ठेवलं. रागावलेला दिसत नव्हता. एखादं रीम कमी भरलं की पावती पुन्हा वरपासून वाचावी तसा तो मनात काहीतरी जुळवत होता. मग म्हणाला, "पण ती तार उघडी होती ना. रेक्टिफायरच्या बुडाशी. मला आठवतेय ती. मी घाईत केली होती."

"उघडी नव्हती. तू घाई केली नव्हतीस. मी केली होती."

"मला दिसतेय ती तार, ताई."

"मी सांगितलं म्हणून दिसतेय," ती म्हणाली. "एकही सांधा कच्चा नव्हता. मी सगळे तपासले होते. तसं काम मी त्यानंतर कुणाचं पाहिलं नाही."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. तिने ते ऐकून घ्यायची तयारी केली होती. कारणंही मनात रचून ठेवली होती, मालक, यंत्र, डब्यांवरची बदली. त्यातलं एकही तिने काढलं नाही. काढलं असतं तर तिला स्वतःचीच शिसारी आली असती. त्याने वही मिटली. मग एकच विचारलं, "तू हसायचीस. ती धुराचं म्हणायची तेव्हा. तूही हसायचीस ना?"

हो, ती म्हणाली. दर वेळी.

तो उठला. चहा तसाच होता. वही त्याने पिशवीत घातली, रेडिओचा ट्रान्सफॉर्मरही घातला, चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेऊन गेला. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी तिने आधण ठेवलंच नाही. कारखान्यात ती पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली, मुलींना हायसं वाटलं. पण एका दुपारी एकीने थर कमी घातला आणि वेढेताईने तिला गुंडाळा सोडायला लावण्याऐवजी शेजारी बसवून घेतलं आणि तीनच का, दोन का नाहीत, हे अर्धा तास समजावून सांगितलं. त्या मुलीला शिव्या परवडल्या असत्या.

मग एका सकाळी भावजयीचा फोन आला. तिच्या आवाजात हसू नव्हतं, नवल होतं. "ताई, यांना झालंय तरी काय? काल दिवाणखान्यातला दिवा उघडून बसले. मी म्हटलं, धूर निघेल. तर म्हणाले, हे वाक्य आजपासून या घरात नको. आणि दुरुस्त झाला हो दिवा. आज इस्त्री उघडून बसलेत." मग जरा थांबून तिने विचारलं, तुमचं काही बिनसलंय का, तुमचं नाव काढलं की उठून जातात. वेढेताई म्हणाली, माझी चूक आहे, तेच सांगतील तुला. फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून रडली. आनंद होता की काय होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. तो सांधे जोडत होता. तिच्याकडे येत मात्र नव्हता.

महिना उलटून गेल्यावर, एका आडवारी दुपारी, तो कारखान्याच्या दारात उभा राहिला. गोदामातून थेट आला होता, शर्टावर कागदाची धूळ. अठ्ठावीस वर्षांत त्याने या दारात पाऊल टाकलं नव्हतं. मुलींची यंत्रं आपोआप मंदावली. त्याने पिशवीतून एक कोरा ट्रान्सफॉर्मर काढून तपासणीच्या टेबलावर ठेवला. दुकानातला, तयार, वर कारखान्याची चिठ्ठी, दुसऱ्या कुणाच्या तरी.

"विकत आणला," तो म्हणाला. "तुझ्याकडून करून घ्यावासा वाटला नाही."

"बरोबर केलंस," ती म्हणाली. बोचलं, पण खरंच बोलली. त्याच्या जागी ती असती तर तिनेही दुसऱ्या कुणाचाच निवडला असता.

तो म्हणाला, जोडणी अर्धी झाली आहे, मीच करतोय. ट्रान्सफॉर्मर बसवण्याआधी मात्र तपासायला हवा, आणि तसं यंत्र इथेच आहे. आतले थर बाहेरून मोजता येत नाहीत हे त्याला आता कळलं होतं, पण विजेचा मोठा दाब देऊन कागद टिकतो की नाही हे तरी बघता येतं. ती उठली. ओझं टाकून व्होल्ट मोजले. तीनशे-तीनशे बरोबर आले, सहा बरोबर, पाच बरोबर. मग तपासणी यंत्राच्या दोन वायरी तिने घेतल्या, एक पाचाच्या गुंडाळ्याला लावली आणि एक सहाच्या. दाब वाढवत नेला. पाचशे. हजार. पंधराशे. तो टेबलाच्या पलीकडून तिच्या हाताकडेच बघत होता. काटा जागचा हलला नाही, म्हणजे कागद टिकला. मिनिटभर तिने दाब तसाच धरला, मग शून्यावर आणला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "कुणीतरी मनापासून गुंडाळलाय."

पूर्वी तिने एवढं म्हटलं की त्याला पुरायचं. तो टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आला. खिशातून चष्मा काढून लावला, यंत्रावर वाकला, वायरी कुठे लावल्या आहेत ते बोटाने धरून स्वतः पाहिलं, मग काट्यापुढे तोंड नेऊन थांबला. तो तिच्या इतक्या जवळ होता की तिला त्याच्या बोटांवर सोल्डरिंगचा ताजा डाग दिसला.

"पुन्हा लाव," तो म्हणाला. "मला बघू दे."

तिने दाब शून्यापासून पुन्हा चढवला.